मेकरस्पेसमध्ये अ‍ॅक्सेस लेव्हल का असतात? सेफ्टी ट्रेनिंग, परवानगी आणि मशीन, सगळं सोप्या भाषेत

नवीन अ‍ॅप टाकलं की फोन तुम्हाला विचारतो, कॅमेरा वापरू देऊ का, माईक देऊ का, लोकेशन देऊ का. कॉलेजच्या मेकरस्पेसमध्ये हे उलटं असतं. तिथे परवानगी मागणारे तुम्ही असता. थ्रीडी प्रिंटर लगेच मिळतो, लेझर कटरसाठी ट्रेनिंग लागतं आणि लेथला तर काही महिने हातसुद्धा लावू देत नाहीत.

फर्स्ट इयरची मुलं हमखास विचारतात, "फी भरली आहे ना, मग मशीन का देत नाही?" मीही विचारलं होतं. मी कुंडलचा. आठवीपासून घराजवळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात बसायचो, ड्रिल मारायचो, पत्रा कापायचो. कॉलेजच्या लॅबमध्ये ड्रिल मशीनसाठी परीक्षा द्यायची म्हटल्यावर मला हसू आलं. त्या परीक्षेत मी पहिल्या मिनिटाला नापास झालो. का, ते पुढे सांगतो.

या लेखात मेकरस्पेसच्या लेव्हल कशा ठरतात, ट्रेनिंगमध्ये काय होतं, कार्ड टॅप केल्यावर मशीन कसं चालू होतं आणि तुमच्या कॉलेजात अशी सोय नसेल तर काय करायचं, ते बघू.

मेकरस्पेस म्हणजे नक्की काय?

जिथे विद्यार्थी स्वतःच्या कल्पनेची वस्तू स्वतःच्या हाताने बनवू शकतात, अशी सामायिक वर्कशॉप म्हणजे मेकरस्पेस. थ्रीडी प्रिंटर, सोल्डरिंग स्टेशन, लेझर कटर, ड्रिल, ग्राइंडर, काही ठिकाणी लेथ, सीएनसी आणि वेल्डिंग. प्रॅक्टिकलच्या लॅबमध्ये सरांनी दिलेला जॉब करायचा असतो, इथे जॉब तुमचा असतो. म्हणून इथे कोण, कधी, काय करेल हे आधी सांगता येत नाही. लेव्हलची गरज तिथूनच सुरू होते.

ही कल्पना आपल्याकडे आयात झाली असं अनेकांना वाटतं. ते अर्धवट खरं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने फॅब लॅबची कल्पना मांडली आणि एमआयटीच्या बाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावात, विज्ञान आश्रमात सुरू झाली. पण विज्ञान आश्रम त्याआधीच, १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी सुरू केला होता. गावातली मुलं हाताने काम करत करत विज्ञान शिकतील, हा त्यामागचा विचार होता.

आमच्या भागात तर याहून जुनं उदाहरण आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीतल्या माळावर कारखाना उभा केला. शेजारचं रेल्वे स्टेशन तेव्हा कुंडल रोड नावाने ओळखलं जायचं. आता त्याला आपण किर्लोस्करवाडी म्हणतो. आसपासच्या खेड्यांत फिटर, टर्नर, मोल्डर हे शब्द घराघरात गेले ते अशा कारखान्यांमुळे. कारखान्यात नवा पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी लेथ देत नाहीत. आधी झाडू, मग कानस, मग ड्रिल, मग लेथ. त्या क्रमाला कुणी अ‍ॅक्सेस लेव्हल म्हणत नव्हतं इतकंच.

आज एआयसीटीई मान्यतेच्या काही इंजिनिअरिंग कॉलेजांत आयडिया लॅब आहेत आणि शाळांमध्ये सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब आहेत. म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांची अशा खोलीशी गाठ पडणारच.

लेव्हल कशावरून ठरते?

महाग मशीन म्हणजे वरची लेव्हल, असा समज असतो. तो चुकीचा आहे. चार इंची अँगल ग्राइंडर दोन-तीन हजारांत मिळतो, थ्रीडी प्रिंटर त्याच्या कितीतरी पट महाग असतो. तरी ग्राइंडर वरच्या लेव्हलला असतो. लेव्हल ठरवताना तीन प्रश्न विचारतात.

१. चूक झाली तर सावरायला किती वेळ मिळतो?
२. झालेलं नुकसान परत भरून येतं का?
३. चूक माझी, पण इजा शेजारच्याला होऊ शकते का?

पहिला प्रश्न आकड्यांत बघू. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारते. चकतीचा व्यास १०० मिमी. म्हणजे तिची कड सेकंदाला जवळपास ५७ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या पुढे धावत असते. चकती फुटली तर तुकडे त्याच वेगाने निघतात. म्हणून गार्ड काढलेला ग्राइंडर वापरायचा नसतो. "गार्ड मध्ये येतं" हे आपल्याकडचं नेहमीचं कारण आहे. पण गार्ड मध्ये येण्यासाठीच लावलेलं असतं.

आता ड्रिल किंवा लेथ. समजा जॉब १,४४० आरपीएमने फिरतोय. म्हणजे सेकंदाला २४ फेरे. काहीतरी अडकलंय हे कळून हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात सहा फेरे होतात. जॉबचा व्यास ५० मिमी असेल तर सहा फेऱ्यांत सुमारे ९४ सेंटीमीटर कापड, दोरा किंवा केस त्याच्याभोवती गुंडाळले जातात. तुमचा हात एवढा लांब नसतो. "मी लगेच हात मागे घेईन" हा विश्वास इथेच संपतो.

थ्रीडी प्रिंटरचा नोझल पीएलए वापरताना २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. हात लागला तर भाजेल, पण तुम्ही हात मागे घेऊ शकता आणि जखम भरून येते. म्हणून तो खालच्या लेव्हलला.

एक गोष्ट लक्षात ठेवा. लेव्हल ही तुमच्या हुशारीची मार्कशीट नाही. मशीन तुम्हाला किती वेळ देतं, त्याचं ते मोजमाप आहे.

साधारण लेव्हल अशा असतात

नावं आणि आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे. कुठे हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात. पण ढाचा बहुतेक असाच.

* लेव्हल ०, पाहुणा: आत यायचं, बघायचं, विचारायचं. कुठल्याही मशीनला हात नाही. गॉगल आणि बंद बूट मात्र पाहुण्यालाही लागतात, कारण उडालेला बुरा ओळख विचारत नाही.
* लेव्हल १, ओरिएंटेशन झालेला: साधी हत्यारं, थ्रीडी प्रिंटर, सोल्डरिंग. मेन स्विच, फायर एक्स्टिंग्विशर, फर्स्ट एड बॉक्स आणि बाहेरचा दरवाजा कुठे आहे, हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे.
* लेव्हल २, मशीननुसार परवानगी: लेझर कटर, ड्रिल मशीन, जिगसॉ. इथे महत्त्वाचं असं की लेझरचं ट्रेनिंग झालं म्हणजे ड्रिल मिळालं असं नाही. प्रत्येक मशीनची परवानगी वेगळी.
* लेव्हल ३, देखरेखीखाली: लेथ, मिलिंग, टेबल सॉ, ग्राइंडर, वेल्डिंग. परवानगी असली तरी एकट्याने काम करायचं नाही.
* लेव्हल ४, ट्रेनर किंवा स्टुअर्ड: दुसऱ्याला शिकवणारा, परवानगी देणारा आणि बिघडलेलं मशीन बंद ठेवणारा. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात इन्व्हेन्शन स्टुडिओ नावाची जागा आहे, ती विद्यार्थीच चालवतात. ड्युटीवर असलेले विद्यार्थी बाकीच्यांना शिकवतात. म्हणजे ही लेव्हल फक्त सरांसाठी नसते.

कॉम्प्युटर सिक्युरिटीमध्ये एक जुनं तत्त्व आहे: कामाला लागेल तेवढीच परवानगी द्या, जास्त नको. सॉल्टझर आणि श्रोडर या दोघांनी १९७५ मधल्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात ते नीट मांडलं. तुमच्या फोनमध्ये तेच चालतं. अँड्रॉइड ११ पासून तर एखादं अ‍ॅप काही महिने वापरलंच नाही, तर फोन त्याच्या परवानग्या आपोआप काढून घेतो. मेकरस्पेसमध्येही बरेच दिवस मशीन वापरलं नाही तर परवानगी संपते आणि पुन्हा करून दाखवावं लागतं. हाताला सवय लागते, तशी ती सुटतेही.

ट्रेनिंगमध्ये काय काय होतं?

चांगल्या ठिकाणी चार पायऱ्या असतात.

पहिली, ओरिएंटेशन. जागा, नियम, आग लागली तर काय करायचं. ११२ हा आपत्कालीन नंबर आणि १०८ हा अ‍ॅम्ब्युलन्सचा, हे भिंतीवर लिहिलेलं असावं.

दुसरी, वाचन किंवा व्हिडिओ आणि छोटी क्विझ. हे फोनवर करता येतं आणि बहुतेकांना वाटतं की ट्रेनिंग इथेच संपलं. तसं नाही. पोहायचा व्हिडिओ बघून विहिरीत उडी मारण्यासारखं आहे ते. क्विझमुळे एवढंच कळतं की तुम्ही शब्द वाचलेत.

तिसरी, डेमो. ट्रेनर मशीन चालवून दाखवतो. इथे आवाज ऐकायला शिका. टूल बोथट झालं, जॉब ढिला झाला, बेल्ट सरकतोय, हे डोळ्याआधी कानाला कळतं. म्हणूनच मशीनवर इअरफोन चालत नाहीत.

चौथी, चेकआऊट. ट्रेनर बाजूला उभा राहतो, काही सांगत नाही. तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत काम करायचं. जॉब बांधणं, चालू करणं, बंद करणं, साफसफाई, सगळं.

माझी विकेट या चौथ्या पायरीवर पडली. मी शहाणपणाने आधी जाडजूड हातमोजे घातले. मला वाटलं, सेफ्टीचे मार्क मिळतील. ट्रेनर सिनियर होता. तो म्हणाला, "थांब. नापास." मी म्हटलं, "दादा, अजून मशीन चालू पण केलं नाही!" तो म्हणाला, "म्हणूनच तुझी बोटं शाबूत आहेत."

फिरत्या मशीनवर हातमोजे घालत नाहीत. ड्रिलच्या बिटाने मोज्याचा एक धागा जरी धरला तरी मोजा गुंडाळला जातो आणि आतला हात त्याच्याबरोबर जातो. गावातल्या दुकानात मी हातमोजे कधी घातलेच नव्हते, कारण ते नसायचेच. म्हणजे तोवर मी बरोबर वागत होतो, पण का ते मला माहीत नव्हतं. ट्रेनिंगने मला ड्रिल मारायला शिकवलं नाही, ते येतच होतं. कारण शिकवलं. कारण माहीत असलं की नवीन मशीनसमोरही माणूस बरोबर वागतो.

दुसऱ्या खेपेला त्याने विचारलं, "ड्रिल चालू आहे, लाईट गेली. काय करशील?" मी म्हणालो, "लाईट यायची वाट बघेन." परत नापास.

लाईट गेली आणि परत आली तर?

हा मुद्दा आपल्या भागातल्या मुलांनी जास्त समजून घ्यायला हवा. आपल्याकडे शेतीपंपाला ऑटो-स्टार्टर लावतात. रात्री लाईट आली की मोटर आपोआप चालू व्हावी, म्हणजे विहिरीवर जायला नको. चांगली मोटर म्हणजे आपोआप चालू होणारी मोटर, हे डोक्यात बसलेलं असतं.

वर्कशॉपमध्ये बरोबर याच्या उलट हवं. लाईट गेल्यावर तुम्ही जॉब बघायला हात आत घातला आणि तेवढ्यात लाईट आली, तर मशीन चालू होता कामा नये. यासाठी स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट रिलीज नावाची सोय असते. आत एक कॉइल असते, ती वीज असेपर्यंत कॉन्टॅक्ट धरून ठेवते. वीज गेली की कॉन्टॅक्ट सुटतो आणि वीज परत आली तरी सुटलेलाच राहतो. पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही.

साध्या टंपर किंवा पियानो स्विचवर चालवलेल्या जुगाडू मशीनमध्ये ही सोय नसते. म्हणून उत्तर असं: लाईट गेली की आधी मशीनचा स्विच बंद करायचा, मग पुढचं.

तसंच मोठ्या लाल बटणाचं. पिवळ्या पार्श्वभूमीवरचं ते लाल मशरूमसारखं बटण म्हणजे इमर्जन्सी स्टॉप. दाबलं की अडकून राहतं, फिरवून सोडवावं लागतं आणि सोडवल्यावर मशीन आपोआप चालू होता कामा नये. चेकआऊटच्या आधी ते एकदा दाबून बघा. चालत नसेल तर त्या दिवशी ते मशीन बंद, कितीही सबमिशन असलं तरी.

कुठल्या मशीनला काय लक्षात ठेवायचं?

लेझर कटर. सीओटू लेझरचा किरण डोळ्याला दिसत नाही, त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते. झाकण उघडलं की लेझर बंद व्हावा म्हणून इंटरलॉक असतो, त्याच्याशी खेळू नका. अ‍ॅक्रिलिक आणि लाकूड कापताना आग लागू शकते, म्हणून काम चालू ठेवून चहाला जायचं नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पीव्हीसी कापायचं नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो. तो फुफ्फुसालाही वाईट आणि मशीनलाही, लोखंड गंजून जातं. आता पीव्हीसी म्हणजे फक्त पाईप नाही. वाढदिवसाचे फ्लेक्स, सनबोर्ड आणि बहुतेक रेक्झिन यांत पीव्हीसीच असतं. घरी पडलेला फ्लेक्स "टाकाऊतून टिकाऊ" म्हणून लेझरवर नेऊ नका.

ड्रिल आणि लेथ. जॉब हाताने धरायचा नाही, वाईसमध्ये बांधायचा. चकची चावी चकमध्ये ठेवून मशीन चालू करायचं नाही. चावी हातातून सुटली की आधी काढायची, ही सवयच लागली पाहिजे. केस बांधलेले, ओढणी काढलेली, बाह्या वर दुमडलेल्या. मनगटातला गंडा, राखी, कडं, अंगठी, गळ्यातलं आयकार्ड काढून ठेवलेलं. निघणारा बुरा ब्रशने काढायचा, हाताने नाही.

ग्राइंडर. गार्ड जागेवर, गॉगल डोळ्यावर, ठिणग्या माणसांपासून आणि चिंध्यांपासून लांब. चकतीवर छापलेला आरपीएम ग्राइंडरच्या आरपीएमपेक्षा कमी नको. चकतीवर मुदतही छापलेली असते, ती बघा.

वेल्डिंग. आर्ककडे उघड्या डोळ्याने बघितलं तर त्या क्षणी काही वाटत नाही. काही तासांनी, बहुतेकदा रात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. म्हणून बघ्यांनाही पडदा किंवा काच हवी. वेल्डिंगला चामड्याचे हातमोजे लागतातच. म्हणजे हातमोजे चांगले की वाईट, याचं एक उत्तर नाही, ते मशीनवर ठरतं.

सोल्डरिंग. बिट ३५० अंशांच्या आसपास असतं. धूर मुख्यतः फ्लक्सचा असतो, दमा असेल तर तो त्रास देतो. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून हात धुतल्याशिवाय वडापाव नाही.

वीज. एमसीबी वायरला वाचवते, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी माणसाला वाचवते. लॅबच्या बोर्डात दुसरी आहे का, हे विचारायला लाजू नका.

एकट्याने काम का नको?

एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी रात्री विद्यार्थ्यांच्या वर्कशॉपमध्ये लेथवर एकटी काम करत होती. तिचे केस फिरत्या लेथमध्ये अडकले आणि त्यात तिचा जीव गेला. त्यानंतर विद्यापीठाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वर्कशॉपच्या वेळा आणि देखरेखीचे नियम कडक केले.

जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठात हे घडलं. लाल बटण दाबायला दुसरा हात हवा, यासाठी दोन माणसांचा नियम असतो. आणि तो दुसरा माणूस कानात इअरफोन घालून रील बघत असेल, तर तो मोजायचा नाही.

कार्ड टॅप केल्यावर काय होतं?

काही मेकरस्पेसमध्ये मशीनशेजारी एक छोटा डबा असतो. त्यात आरएफआयडी रीडर असतो, मेट्रोच्या कार्डासारखाच. तुमच्या आयकार्डातली चिप आपला नंबर सांगते. डब्यातला मायक्रोकंट्रोलर तो नंबर यादीत शोधतो: या मशीनचं ट्रेनिंग झालंय का, मुदत संपली नाही ना? उत्तर हो आलं तर एक रिले कॉन्टॅक्टरला वीज देतो आणि मशीनला सप्लाय मिळतो.

इलेक्ट्रॉनिक्सची मुलं हा प्रोजेक्ट म्हणून करतात, म्हणून चार गोष्टी सांगतो.

* कार्डाने फक्त सप्लाय मिळावा, मशीन फिरू नये. फिरवायला वेगळं बटण हवं.
* इमर्जन्सी स्टॉप थेट वायरने जोडलेला हवा. तो वायफाय, सर्व्हर किंवा तुमच्या कोडवर अवलंबून नको.
* नेट गेलं तर यादी डब्यातच साठवलेली हवी. आणि शंका आली तर उत्तर "नाही" असावं.
* वेळ संपली म्हणून कापता कापता सप्लाय तोडू नका. चालू काम संपू द्या, पुढचं सुरू होऊ देऊ नका.

आणि कार्ड मित्राला देऊ नका. कार्ड देणं म्हणजे यूपीआय पिन देण्यासारखंच आहे. पैसे गेले तर तक्रार तरी करता येते, बोट गेलं तर कुणाकडे करणार?

नियमामागे कायदा आहे का?

कॉलेजची लॅब म्हणजे कारखाना नाही, पण विचार तिथूनच आला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं कलम २३ म्हणत होतं की अठरा वर्षांखालच्या कामगाराला धोकादायक मशीनवर लावायचं तर आधी त्याला धोके आणि काळजी पूर्ण समजावलेली हवी. शिवाय त्याने पुरेसं ट्रेनिंग घेतलेलं हवं किंवा जाणकार माणसाची देखरेख हवी. लेव्हल २ आणि लेव्हल ३ यांचा गाभा या एका कलमात आहे.

शेतातही हाच धडा मिळाला आहे. मळणी यंत्रात हात जाण्याच्या अपघातांमुळे केंद्र सरकारला १९८३ मध्ये धोकादायक मशीनसाठी वेगळा कायदा करावा लागला. मळणी यंत्र किंवा कडबा कुट्टीमुळे हात अधू झालेला माणूस तुमच्याही गावात असेल. त्याला विचारा, तो आळशी किंवा अडाणी होता का. बहुतेक वेळा उत्तर असतं, "रोजचंच काम होतं."

लेव्हल अडवण्यासाठी असतात का?

असू नयेत, पण कधी कधी होतात. माझं मत स्पष्ट सांगतो.

ज्या मुलाच्या घरी वेल्डिंगचं दुकान आहे किंवा जो आयटीआय करून डिप्लोमाला आलाय, त्याला पुन्हा शून्यापासून बसवणं चुकीचं आहे. त्याला थेट चेकआऊट द्यायची संधी हवी. पास झाला तर लेव्हल, नाही झाला तर माझ्यासारखं ट्रेनिंग. मला तेव्हा राग आला होता, पण संधी मिळाली होती हेही खरं.

ट्रेनिंग मराठीतही हवं. मशीनवरची इंग्रजी सूचना वाचता येणं आणि ती दीड सेकंदात कळणं यात फरक आहे.

मुलींच्या बाबतीत केस आणि ओढणीचा नियम मशीनचा नियम म्हणून सांगावा, कपड्यांवरचं भाष्य म्हणून नाही. लांब केसांच्या मुलालाही तोच नियम. आणि मुलींना संध्याकाळी लवकर बाहेर काढून मुलांना रात्री दहापर्यंत मशीन देणं याला सेफ्टी म्हणत नाहीत. सेफ्टी हवी असेल तर दोन माणसांचा नियम सगळ्यांना सारखा लावा.

तुमच्या कॉलेजात काहीच नसेल तर?

पैसे न लागता हे करता येतं.

१. प्रत्येक मशीनवर हिरवी, पिवळी किंवा लाल टेप लावा. रंग वरच्या तीन प्रश्नांवरून ठरवा.
२. प्रत्येक मशीनसाठी एका पानाची मराठी सूचना लिहा: काय घालायचं, काय घालायचं नाही, काय कापायचं नाही, कधी थांबायचं.
३. त्या पानाचा क्यूआर कोड मशीनवर चिकटवा. मशीन चालू करण्याआधी स्कॅन करायचा. मशीन चालू असताना फोन खिशात.
४. कुणाचं कुठलं चेकआऊट झालं, कुणी घेतलं, कधी झालं, याची एक गुगल शीट ठेवा. फक्त ट्रेनरच ती बदलू शकतील.
५. "थोडक्यात वाचलो" असे प्रसंग लिहायला एक वही ठेवा. त्यात नाव लिहायची सक्ती नको. शिक्षा होणार असेल तर कुणी लिहिणार नाही आणि पुढचा अपघात कळणार नाही.
६. हे सगळं करताना वर्कशॉपच्या इन्स्ट्रक्टरांना बरोबर घ्या. त्यांनी वीस वर्षांत जे पाहिलंय ते कुठल्याही व्हिडिओत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

यूट्यूबवर शिकलो तर चालेल का? तयारी म्हणून नक्की. परवानगी म्हणून नाही. व्हिडिओ तुमची चूक बघू शकत नाही.

चष्मा आहे, गॉगल लागेल का? हो. साधा चष्मा बाजूने उघडा असतो. त्याच्यावरून बसणारे गॉगल मिळतात.

चेकआऊटमध्ये नापास झालो तर? काही नाही, परत द्यायचं. मी तिसऱ्या खेपेला पास झालो.

सिनियर नियम मोडत असेल तर? "थांबा" म्हणायचा हक्क लेव्हल ० वाल्यालाही असतो. आवाज चढवून म्हणा. मशीन बंद झाल्यावर माफी मागता येते.

तिसऱ्या खेपेला ट्रेनरने मला शेवटचा प्रश्न विचारला होता: "काय दिसलं तर तू मशीन बंद करशील?" मी सात गोष्टी सांगितल्या. तो म्हणाला, "आठवी राहिली. काहीतरी बरोबर वाटत नाहीये, पण काय ते कळत नाहीये. तेव्हाही बंद करायचं." मग त्याने शीटवर माझं नाव लिहिलं आणि ड्रिलची चावी माझ्या हातात दिली.